रामापुढची निळी हंडी

तिसरी हंडी फुटली, तेव्हा अण्णा दारात उभे होते.

नळीच्या टोकावरची काच तापलेली असते तोवर मधासारखी असते. ती सारखी फिरवत ठेवावी लागते. हात पळभर थांबला की एका अंगाला ओघळते. रशीदभाईंच्या हातून नळी माझ्याकडे येताना नेमकं तेच झालं. हंडीचं पोट एका बाजूला लोंबलं, मी सावरायला गेले, आणि सगळा निळा गोळा खालच्या लोखंडी पत्र्यावर बदकन बसला. बसला आणि तडतडला.

"राम राम राम!" दारातून आवाज आला. "फोडायचंच होतं तर एवढं तापवलंत कशाला?"

तीस-तीस वर्षं लाउडस्पीकरशिवाय देवळाच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचलेला आवाज तो. भट्टीच्या घरघराटाला दबेल कसा? मी वळून पाहिलं. स्वच्छ धोतर, बंद गळ्याचा कोट, खांद्यावर उपरणं आणि काखेत कापडी पिशवी. त्या पिशवीत पगडी आणि चिपळ्या असणार, हे मला न बघताही ठाऊक होतं.

"अण्णा! तुम्ही इथे कुठे?"

"काल इथल्या मारुतीच्या देवळात कीर्तन होतं. म्हटलं, जाता जाता लेक काय फुंकते ते बघावं तरी."

'फुंकते' हा अण्णांचा शब्द. आमच्या घरात तीन पिढ्या हरिदास, म्हणजे कीर्तनकार. अण्णांचं, नीलकंठबुवा वडघाटकरांचं, नाव निघालं की कृष्णाकाठच्या चार तालुक्यांत लोक अंथरुणं-पांघरुणं घेऊन कीर्तनाला येत. अण्णांना मुलगा नाही, मी एकटीच. लहानपणी परकर सावरत त्यांच्या मागे झांज घेऊन उभी राहायची, तेव्हा सगळं गाव म्हणायचं, पुढची पगडी गोदीची. आणि मी कॉलेजात असताना एका प्रदर्शनात नळीतून फुंकलेल्या तापल्या काचेला आकार घेताना पाहिलं आणि तिथेच वेडी झाले. अण्णांनी कधी नको म्हटलं नाही. कोणी विचारलं, "बुवा, लेक काय करते?" तर म्हणत, "फुंकते." त्यात राग नसे आणि कौतुकही नसे. त्या शब्दाच्या तळाशी काय आहे, ते मला कधी लागलंच नव्हतं.

विद्यापीठाच्या काचशाळेत दरवर्षी हिवाळ्यापासून उन्हाळा लागेपर्यंत तिघा कारागिरांना निवासी कलावंत म्हणून बोलावत. राहायला खोली, जेवायला मेस, आणि दिवसभर भट्टी आपली. विद्यार्थ्यांनी बघायचं, आपण करायचं. त्या वर्षी तिघांत मी सगळ्यांत धाकटी. दुसरे रशीदभाई, फिरोजाबादचे. घराण्यात झुंबरं करण्याची परंपरा, पन्नाशीचे, दाढीला मेंदी. तिसरी यिट्का, युरोपातल्या बोहेमियातली, माझ्याहून हातभर उंच. इंग्रजी तिचं माझ्याइतकंच मोडकं. मराठी ती मेसमधल्या सोनाबाईंकडून शिकली होती, त्यामुळे तिच्याजवळ एकच हुकमी शब्द होता: "वाढू?" दार उघडू का, नळी देऊ का, दिवा लावू का, सगळ्याला "वाढू?"

अण्णा आत आले. पत्र्यावरच्या तुकड्यांपाशी थांबले, वाकले, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले.

"हा निळा रंग..." ते म्हणाले.

"हो."

"आपल्या मंडपातली?"

"हो, अण्णा. नवमीच्या आत लावायची होती. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं."

आमच्या वडघाटच्या राममंदिराच्या सभामंडपात काचेच्या पाच हंड्या होत्या. चार पांढऱ्या आणि मधली, रामाच्या अगदी समोरची, निळी. अण्णा कीर्तनाला उभे राहत ते त्या निळ्या हंडीखाली. आत दिवा लावला की निळसर उजेड त्यांच्या पगडीवर पडायचा, आणि आम्हा पोरांना वाटायचं, बुवांच्या डोक्यावर आभाळ उतरलंय. आदल्या वर्षी एक वानर खिडकीतून मंडपात शिरलं, हंडीला लोंबकळलं, आणि हंडीसकट खाली आलं. गाव म्हणालं, मारुतीरायाचीच लीला, बोलायचं कोणाला? ट्रस्टींनी तिथे ट्यूबलाइट लावायचा ठराव केला. अण्णांनी तो लावू दिला नाही. वर्षभर ते रिकाम्या साखळीखाली उभे राहून कीर्तन करत होते.

अण्णांनी एक तुकडा उपरण्यात धरून उजेडाकडे केला. मग तो खाली ठेवला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. पिशवी मांडीवर.

"करा पुन्हा," ते म्हणाले. "मी बसलोय."

पण पुन्हा म्हणजे एकदाच. आमचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी भट्टी विझवायची, ती पाऊस पडून हवा थंड झाल्यावर पुन्हा पेटायची. भट्टीतल्या कुंडात वितळलेली काच उरली होती ती एका हंडीपुरती. त्यातून दुपारी पाहुणे यायचे होते: कुलगुरू, प्राध्यापक, त्यांची बायकामुलं, ऑफिसातली मंडळी. वर्षातून एकदा काचशाळा सगळ्यांना उघडी असे आणि निवासी कलावंतांनी त्यांच्यासमोर काहीतरी करून दाखवायचं, अशी रीत होती.

काचशाळेच्या प्रमुख दिवाणबाई आल्या. त्यांनी फुटकी हंडी पाहिली आणि चष्मा काढून पदराला पुसला. "गोदावरी, ऐक माझं. दुपारी एखादा वाडगा कर. फुलदाणी कर. उरलेल्या काचेत चार सुबक वस्तू होतील. हंडीचा हट्ट धरून चारचौघांत फुटली, तर बरं दिसेल का?"

"बाई, नवमी शनिवारी आहे."

"अगं, पण तीन फुटल्या ना!"

"तीन फुटल्या म्हणजे तीन प्रकारे कशी फुटते ते कळलं," मी म्हटलं. बोलायला काय जातं!

बाईंनी अण्णांकडे पाहिलं. "तुम्ही तरी समजवा हो हिला."

"मी?" अण्णा हसले. "बाई, मी समजवून ही ऐकणारी असती, तर आज हिच्या डोक्यावर पगडी असती."

दिवाणबाईंना पगडीचं काही कळलं नाही. त्या मान हलवत गेल्या.

जेवताना रशीदभाई आणि यिट्का यांच्यात वाद लागला. वाद म्हणजे काय, दोघंही दुसऱ्याचीच बाजू घेऊन भांडत होते. खरा घोळ असा होता: रशीदभाईंच्या गावची पद्धत नळी स्वतःकडे वळवायची, यिट्काच्या देशात स्वतःपासून दूर. नळी हातोहात जाताना काचेला दिशा बदलावी लागे, आणि दिशा बदलायची म्हणजे मध्ये थांबणं आलंच. हे आम्हाला पहिल्या हंडीलाच उमगलं होतं. म्हणून दुसऱ्या हंडीला यिट्काने रशीदभाईंचा मान राखून त्यांच्यासारखी फिरवली, आणि रशीदभाईंनी पाहुणीचा मान राखून तिच्यासारखी. पुन्हा उलटसुलट! तिसऱ्या वेळी दोघांनी ठरवलं, गोदा फिरवेल तशी. आणि मी? मी वडीलधाऱ्या रशीदभाईंच्या हाताकडे बघत राहिले, की ते कशी फिरवतात.

"बुवासाहब," रशीदभाई वरणात भाकरी कुस्करत म्हणाले, "आपके यहाँ भी तो चार-पाँच लोग साथ होते हैं। आप लोग कैसे जमाते हैं?"

अण्णांचं हिंदी म्हणजे मराठीलाच टोपी घातलेली. "हमारे में ऐसा रहता नहीं, रशीदभाई. हमारे में पहले सब एकदूसरे के पाया पडते. फिर एक बुवा रहता. वो जो लय धरेगा, वो लय. तबलजी मोठा कलाकार असेल, पेटीवाला बुवाच्या बापाच्या वयाचा असेल, तरी उभं राहिल्यावर बुवा एकच." मग त्यांनी तिघांकडे पाहिलं. "आज तुम्हारे में बुवा कौन?"

रशीदभाईंनी यिट्काकडे बोट केलं. यिट्काने काय विचारलंय हे न कळता रशीदभाईंकडे केलं. मी दोघांकडे.

अण्णा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. "वा! तीन साथीदार आणि बुवाचा पत्ता नाही. मग हंडी फुटेल नाही तर काय होईल? मानपानातच फुटतेय ती."

"अण्णा, रशीदभाई माझ्या दुप्पट वयाचे आहेत. मी त्यांना कसं सांगायचं, की माझ्या हाताने चला?"

"हंडी कुणाची?"

"माझी. म्हणजे रामाची."

"घडवणार कोण?"

मी ताटातली भाकरी मोडायला घेतली.

"तर मग," अण्णा म्हणाले. एवढंच म्हणाले आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

दुपारी काचशाळा गच्च भरली. खुर्च्या पुरेनात म्हणून पोरं खिडक्यांवर चढली. कुलगुरू पुढच्या रांगेत, त्यांच्या शेजारी दिवाणबाई, बाईंचा चेहरा एखाद्या परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा. अण्णा आपल्या स्टुलावर.

मी बाकापाशी उभी राहिले. आमचा बाक म्हणजे साधा नव्हे. बसायच्या फळीच्या दोन्ही अंगांना पुढे आलेल्या दोन लोखंडी पट्ट्या, त्यांच्यावर नळी आडवी ठेवून तळहाताने पुढेमागे लोळवायची. आधी सगळे एकमेकांच्या पाया पडतात, या अण्णांच्या वाक्याने मनात घर केलं होतं. मी पुढे झाले आणि रशीदभाईंच्या पायाला हात लावला.

"अरे अरे, बिटिया!" ते दोन पावलं मागे सरले. मग थांबले. अण्णांकडे त्यांनी एकदा बघितलं, आणि वाकून माझ्या पायाशी हात नेला, तो आपल्या कपाळाला लावला. "अब बोलो, बुवा. किधर घुमाऊँ?"

यिट्काने हे सगळं नीट पाहून घेतलं. आपल्याला कोणी वगळू नये अशा घाईने ती रशीदभाईंच्या पाया पडली, माझ्या पडली, आणि शेवटी भट्टीच्याही पडली. लोक हसले. मीही हसले, आणि नळी उचलली.

"स्वतःकडे," मी म्हटलं. हाताने करून दाखवलं. "दोघांनीही. माझ्या हातासारखी."

निळ्या काचेचा गोळा नळीवर घेतला, त्यावर पारदर्शक काचेचा एक थर, मग दुसरा, मग तिसरा. नळी जड होत गेली. रशीदभाई फुंकर घालत, मी ओल्या कागदाच्या गादीने आकार देत होते. ओला कागद जळण्याचा तो वास मला अजून धुपासारखा वाटतो. गोळा नारळाएवढा झाला, कलिंगडाएवढा झाला. मध्येच रशीदभाईंचा हात माझ्याहून जरा पुढे धावला. मला ते दिसलं. 'जरा हळू' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यातून शब्द निघाला तो दुसराच.

"श्रीराम जय राम जय जय राम..."

ठरवून नाही. कीर्तनात मध्यंतरीच्या नामजपाला अण्णा जी संथ लय धरत, ती लय माझ्या तळहातांत होतीच, ती गळ्यात आली इतकंच. एका आवर्तनात नळीचे चार फेरे. रशीदभाईंचा हात त्या लयीत आला. यिट्काने, तिच्या गावच्या चर्चमध्ये ती गायची म्हणे, वरच्या पट्टीत नुसताच एक हुंकार धरला, आणि तो इतका सुरेल होता की माझ्या अंगावर काटा आला. मग कोपऱ्यातून हळूच 'छन्' झालं.

अण्णांनी पिशवीतून चिपळ्या काढल्या होत्या. ते गात नव्हते. माझ्यामागे, माझ्या लयीला, नुसती साथ करत होते.

नळी माझ्याकडून रशीदभाईंकडे गेली, त्यांच्याकडून भट्टीच्या तोंडाशी यिट्काकडे, पुन्हा माझ्याकडे. काचेला कळलंसुद्धा नाही की हात बदलले. सगळ्यांत अवघड काम पुढे होतं. हंडीच्या बुडाशी रशीदभाईंनी दुसरी सळई आणून चिकटवली, मी गळ्यापाशी पाण्याचा थेंब सोडला, नळीवर हलकी टिचकी मारली, आणि 'टक्' करून हंडी नळीपासून सुटून सळईवर आली. आधीच्या तिन्ही वेळी इथवर पोचलोच नव्हतो आम्ही. आता उघडं तोंड पुन्हा तापवून रुंद करायचं. मी बाकावर बसले, सळई पट्ट्यांवर लोळवू लागले, भरभर, आणखी भरभर. जप द्रुत झाला. चिपळ्या धावू लागल्या. समोर बसलेली मंडळी केव्हाची टाळ्या धरून होती. आणि कमळ उमलावं तसं हंडीचं तोंड उघडत गेलं, काठ बाहेर वळला, आणि भट्टीचा लाल उजेड त्या निळ्यातून आरपार होऊन समोरच्या भिंतीवर जांभळा नाचू लागला.

झाली! हंडी झाली. आता फक्त सळईवरून उतरवून निवायच्या पेटीत ठेवायची. यिट्का कोपरापर्यंतचे जाड हातमोजे चढवून तयारच होती.

आणि अण्णा स्टुलावरून उठले. पहाडी आवाजात म्हणाले, "बोला, सीताकांतस्मरण..."

"जय जय राम!"

आता इथे आमच्या गावची रीत सांगायला हवी. वडघाटच्या मंडपात हा घोष झाला की दोन्ही हात डोक्यावर न्यायचे. अगदी वर. तान्ही मुलं आईच्या मांडीवर हे शिकतात. मी हजारदा केलं असेल. त्यात मनाला विचारायची सोयच नसते. अण्णांचा घोष कानी पडला आणि माझे दोन्ही हात वर गेले.

"जय जय राम!"

सभेतून किंकाळी उठली. माझे हात आभाळात, आणि सळई पट्ट्यांवरून आपली आपण लोळत निघालेली! पट्ट्यांना पुढच्या अंगाला किंचित उतार होता. टोकाशी पोचली असती तर रामाची हंडी सरळ फरशीवर. रशीदभाई दुसऱ्या बाजूला. मला हात खाली घ्यायचं सुचेना, सुचलं तेव्हा सळई हाताबाहेर गेलेली.

सगळ्या काचशाळेत एकच माणूस असं होतं ज्याला या घोषाशी काही देणंघेणं नव्हतं. यिट्काने एक लांब पाऊल टाकलं, पट्टीच्या टोकाशी सळई झेलली, आणि माझ्याच दिशेने, माझ्याच लयीत ती फिरवत राहिली. मग माझ्याकडे बघून शांतपणे विचारलं,

"वाढू?"

"वाढ!" मी ओरडले. "वाढ बाई, वाढ!"

सळई तिच्या हातून मी घेतली, रशीदभाईंनी टिचकी मारली, हंडी यिट्काच्या हातमोज्यांत अलगद उतरली आणि पेटीचं दार लागलं. तेव्हा कुठे मला रडू आलं. रडू की हसू, देव जाणे. काचशाळेत टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खिडकीवरचा एक मुलगा खाली पडला. लागलं नाही त्याला. दिवाणबाई एका हाताने मांडीवर टाळी वाजवत होत्या, दुसरा छातीवर होता.

"गोदा," रशीदभाई नंतर चहा पिताना म्हणाले, "हाथ तो तुम्हें देखकर कुलगुरू साहब ने भी ऊपर किए थे। मगर उनके हाथ में काँच नहीं था।"

मी अण्णांवर चिडले होते. म्हणजे चिडल्याचं दाखवत होते. "तुम्हाला तेव्हाच घोष सुचला? अजून हंडी उतरायची होती!"

अण्णा चिपळ्या पिशवीत घालत होते. पिशवीची नाडी त्यांनी बांधली, गाठ नीट बसली का ते पाहिलं, आणि वर न बघता म्हणाले, "कीर्तन झालं की घोष द्यायचा असतो. बुवा विसरले, तर साथीदाराने द्यावा लागतो."

आणि रिक्षा बोलवायला निघून गेले.

हंडी पूर्ण निवायला दीड दिवस लागला. पेटी उघडली तेव्हा ती अखंड होती. सळई पट्टीवरून एकटी लोळत गेली, तेवढ्या वेळात काठ एका जागी खाली ओघळला होता, कानाच्या पाळीइतका. बाकी आमच्या जुन्या हंडीहून कांकणभर देखणीच. दिवाणबाईंनी विचारलं, "हा दोष कसा घालवायचा?" रशीदभाई म्हणाले, "मैडम, दोष नहीं, दस्तख़त है।"

नवमीच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं गवतात गुंडाळलेली हंडी मांडीवर घेऊन एस.टी.ने वडघाटला गेलो. ती टांगताना गावात जंगी वाद झाला. पुजारी म्हणाले, ओघळलेला काठ रामाकडे असावा, म्हणजे ती नमस्कार करतेय असं दिसेल. ट्रस्टी म्हणाले, बुवांकडे असावा, उजेड पडेल. शाळेचे गुरुजी म्हणाले, लोकांकडे असावा, रामाची कृपा लोकांकडे झुकते. संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी शिडीवर ताटकळलेला वायरमन ओरडला, "साखळी जशी येतीय तशी अडकवतो, मला घरी जायचंय!" काठ आला तो खांबाकडे. सगळ्यांना तो मान्य झाला, कारण कोणाचाच जिंकला नाही.

नवमीला सकाळी कीर्तन उभं राहिलं. रशीदभाई पुरुषांत पहिल्या रांगेत, यिट्का माझ्याशेजारी बायकांत, नऊवारी नेसून. नेसवायला तिघी लागल्या होत्या. निळा उजेड अण्णांच्या पगडीवर पडला होता. पूर्वरंगाचा अभंग त्यांनी असा रंगवला की मी हंडीकडे बघायचंही विसरले. मग नामजप झाला आणि कीर्तन मध्यावर आलं.

मध्यावर बुवांना हार घालतात. तो घालायचा मान गावातल्या वडीलधाऱ्याचा. आमच्याकडे बरीच वर्षं अप्पासाहेब निकमांचा. मात्र श्रोत्यांत कोणी दुसरे हरिदास बसलेले असतील, तर तो मान त्यांचा. एका बुवाने दुसऱ्या बुवाला हार घालायचा, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं, आणि मग उत्तररंग सुरू. अप्पासाहेब झेंडूचा हार घेऊन उठले, दोन पावलं पुढे आले.

अण्णांनी हात करून त्यांना थांबवलं. हसून, अगदी आदराने.

"अप्पासाहेब, क्षमा असावी. सभेत हरिदास बसलेत."

अप्पासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. साऱ्या मंडपाने पाहिलं. मीही मागे वळून पाहिलं, की कोण बुवा आलेत बाई.

"गोदे," अण्णा म्हणाले, "ये."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी शेजारच्या यिट्काचा हात धरला. यिट्काला शब्द कळला नाही, पण माझं नाव कळलं. तिने पाठीत असा एक धक्का दिला की मी थेट मंडपाच्या मधोमध. अप्पासाहेबांनी हार माझ्या हातात दिला. त्यांचे डोळे भरले होते, का निळ्या उजेडात तसं दिसत होतं, कोण जाणे.

मी हार घालायला हात उचलले, तोच अण्णा वाकले. माझ्या पायाशी.

"अण्णा, नको! अहो, तुम्ही वडील..."

पगडी सांभाळत ते तसेच वाकलेले, आणि फक्त मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "वडील घरी. इथे हरिदास. घाल लवकर, तबलजी खोळंबलाय."

मी हार घातला आणि त्यांच्या पाया पडले. उठले तेव्हा त्यांनी चिपळ्या उचलल्या होत्या, आणि उत्तररंगाची पहिली ओळ मंडपाच्या शेवटच्या पायरीपलीकडे गेली होती.